सहाशे लिव्र कुठे गेले?

हेडफोन लावलेत ना? मग आधीच एक विनंती करते. आजचा भाग बसमध्ये लटकून ऐकलात तरी चालेल, पण मध्ये एका ठिकाणी मी थोडे आकडे सांगणार आहे. तिथं शक्य असेल तर कागद-पेन घ्या, नाहीतर फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा. आणि तेही जमलं नाही तर हे लेखी रूप आहेच, पुन्हा वर-खाली स्क्रोल करून बघा.

विषय असा आहे. पैसा फिरतो, असं आपण सगळेच म्हणतो. बाजारात पैसा फिरला पाहिजे, पैसा अडकलाय, पैसा सुटला की देतो. पण तो कुणाकडून कुणाकडे फिरतो, किती फिरतो, आणि फिरून परत सुरुवातीच्या जागी येतो का, हे कागदावर आकडे घालून पहिल्यांदा मांडलं ते एका डॉक्टरने. फ्रान्समध्ये, व्हर्सायच्या राजवाड्यात, १७५८ साली. त्याचं नाव फ्रांस्वा केने.

मला या माणसात रस का वाटला, तेही सांगून टाकते. माझे बाबा टेलर आहेत. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं दुकान आहे, दोन शिलाई मशिनी आणि एक इस्त्रीचं टेबल. लहानपणापासून मी एक गोष्ट बघत आलेय. सोयाबीनला भाव मिळाला की दिवाळीला आमच्याकडे कापडाचे गठ्ठे शिवायला येतात आणि बाबा रात्री एकपर्यंत मशिनवर असतात. भाव पडला की दुकानात माशा मारत बसायचं. आमच्या घरात एक गुंठाही शेती नाही, पण आमची दिवाळी शेतात ठरायची. कॉलेजात अर्थशास्त्राच्या पुस्तकात केनेचं ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, अरे, हे तर आमचंच गाव! आणि पुढच्याच पानावर कळलं की या साहेबांनी माझ्या बाबांना कोणत्या रकान्यात टाकलंय. त्यावर येतेच.

पण आधी थोडं मागे जाऊ, कारण केने काही आभाळातून पडला नाही.

चौदाव्या लुईचा फ्रान्स. राजा एकामागून एक लढाया करतोय, आणि त्याचा पैसा येतोय मुख्यतः शेतकऱ्यांकडून. 'ताय' नावाचा कर होता. सरदार-उमरावांना त्यातून सूट, पाद्र्यांना सूट, आणि गावातल्या बाकीच्यांवर किती बसवायचा ते अंदाजाने ठरायचं. म्हणजे तुमच्या दारात एक गाय जास्त दिसली की पुढच्या वर्षी कर वाढला. साहजिकच लोक गाय घ्यायचीच नाहीत, किंवा लपवायचे. त्यात १६९३-९४ चा दुष्काळ आला. दहा लाखांहून जास्त माणसं गेली.

या काळात नॉर्मंडीतल्या रुआँ शहरात बुआगिलबेर नावाचा एक न्यायाधीश होता. त्याने १६९५ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने जे म्हटलं ते तेव्हाच्या मानाने उफराटं होतं. सगळे म्हणत होते की देशात सोनं-चांदी जास्त म्हणजे देश श्रीमंत. हा म्हणाला, नाणं किती आहे याला महत्त्व नाही, ते किती वेळा हात बदलतं याला आहे. आणि गरिबाच्या हातातलं नाणं भराभर हात बदलतं, कारण त्याला ते ठेवायला परवडतच नाही. श्रीमंताकडे गेलं की ते पेटीत जाऊन बसतं. म्हणून गरिबावर कर लादून तुम्ही जे नाणं काढून घेता, त्याच्या कितीतरी पट व्यवहार तुम्ही मारून टाकता. एकाचा खर्च हीच दुसऱ्याची कमाई, हे त्याने इतकं स्पष्ट मांडलं होतं.

आणखी एक गोष्ट तो सांगायचा. धान्य फार स्वस्त झालं की शहरातले लोक खूश होतात, पण शेतकऱ्याचा खर्च निघत नाही. तो हलकी जमीन पडीक टाकतो, आणि मग दोन-तीन वर्षांनी दुष्काळ येतो. म्हणजे महागाईचं बी स्वस्ताईत पेरलेलं असतं. हे वाक्य माझं आहे हां, त्याचं नाही. पण मुद्दा त्याचा.

बुआगिलबेर एकामागून एक मंत्र्यांच्या मागे लागला, पत्रं लिहून लिहून त्यांना हैराण केलं. १७०७ मध्ये त्याच्या लिखाणावर बंदी आली आणि त्याला काही काळ हद्दपार केलं. त्याच वर्षी व्होबाँ नावाच्या मोठ्या सेनानीने सगळ्यांवर सारखा कर लावा असं सुचवणारं पुस्तक छापलं, त्यावरही बंदी आली.

मग आला जॉन लॉ. याच्यावर खरं तर स्वतंत्र भाग करायला हवा, म्हणून इथे पटकन सांगते. स्कॉटिश माणूस, जुगारात तरबेज, डोकं गणिताचं. त्याचं म्हणणं होतं की पैसा म्हणजे शरीरातलं रक्त, आणि फ्रान्सच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणून कागदी नोटा छापा. १७१६ मध्ये त्याने बँक काढली, मग अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्याच्या व्यापाराची कंपनी घेतली. ५०० लिव्रचा शेअर दहा हजारांपर्यंत गेला. १७२० मध्ये फुगा फुटला, बँकेच्या दारात नोटा बदलायला आलेल्यांची चेंगराचेंगरी झाली, आणि लॉ देश सोडून पळाला. पुढे बरीच वर्षं फ्रान्समध्ये कागदी पैसा म्हटलं की लोकांच्या अंगावर काटा यायचा.

या फुग्यात ज्यांनी वेळेत शेअर विकून चिक्कार कमावलं, त्यातला एक होता रिचर्ड कँटिलन. मूळचा आयरिश, पॅरिसमध्ये बँकर. १७३० च्या सुमारास त्याने एक निबंध लिहिला, पण तो छापून आला थेट १७५५ साली. तोवर लेखक जिवंत नव्हता. १७३४ मध्ये लंडनमधल्या त्याच्या घराला आग लागली, आणि त्याला आधी मारून मग घर पेटवलं असा संशय होता. (हो, ट्रू क्राईमवाले मित्र आत्ता कान टवकारून बसलेत, माहितीय मला.)

कँटिलनने दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. पहिली, नवा पैसा बाजारात आला की सगळ्या वस्तूंचे भाव एकदम, सारखे वाढत नाहीत. तो आधी ज्यांच्या हातात पडतो ते लोक जुन्या भावात खरेदी करून घेतात. मग भाव वाढतात, आणि ज्याचं उत्पन्न ठरलेलं आहे त्याच्यापर्यंत पैसा पोचेपर्यंत सगळं महाग झालेलं असतं. दुसरी गोष्ट, शेतीत आलेल्या उत्पन्नाचे त्याने ढोबळ तीन वाटे केले. एक जमीनमालकाचा खंड, दुसरा मजुरी आणि लागवडीचा खर्च, तिसरा कसणाऱ्याचा नफा. आणि या तीन वाट्यांमधूनच गावाचा आणि शहराचा सगळा पैसा वाहतो, असं तो म्हणाला. म्हणजे नदी होती, पात्रही दिसत होतं. नकाशा मात्र अजून कुणी काढला नव्हता.

आता केने.

फ्रांस्वा केनेचा जन्म १६९४ चा, व्हर्सायजवळच्या मेरे नावाच्या खेड्यातला. असं सांगतात की अकराव्या वर्षापर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. पुढे तो सर्जन झाला. त्या काळी सर्जन म्हणजे आजच्यासारखा मान नव्हता बरं का, न्हावी आणि सर्जन एकाच पंगतीतले समजले जायचे. त्या काळचा हुकमी इलाज म्हणजे शीर कापून रक्त काढणे. १७३० साली केनेने पॅरिसच्या एका नामवंत डॉक्टरच्या रक्त काढण्याच्या सिद्धांतावर टीका करणारं पुस्तक लिहिलं. शरीरात रक्त कसं वाहतं, एका जागी काढलं तर दुसऱ्या जागी काय होतं, याचा हा त्याचा अभ्यास. नंतर तो पैशाच्या मागे लागला तेव्हा हे डोक्यात असणारच, असं मला वाटतं.

१७४९ मध्ये तो मादाम द पाँपादूरचा खासगी डॉक्टर झाला. ही पंधराव्या लुईची जवळची मैत्रीण, दरबारात तिचा शब्द चालायचा. केनेला राजवाड्यात तिच्या दालनाजवळ मधल्या मजल्यावर छोट्या खोल्या मिळाल्या. खाली दरबाराची कारस्थानं चालायची आणि वर डॉक्टरांच्या खोलीत दिदरो, दालाँबेर असे विचारवंत जेवायला जमायचे. आणि हा माणूस, साठी उलटल्यावर, अचानक शेतीवर लिहायला लागला. दिदरोच्या विश्वकोशात १७५६ मध्ये 'शेतकरी' आणि १७५७ मध्ये 'धान्य' असे त्याचे लेख आले. पहिल्या लेखात नांगराला घोडे बरे की बैल, याचा हिशोब आहे! त्याचं उत्तर घोडे. घोडा घ्यायला पैसा लागतो, आणि तो मोठ्या भांडवलदार शेतकऱ्याकडेच असतो.

आणि मग १७५८ मध्ये तो कागद. 'ताब्लो एकोनोमिक'. म्हणजे अर्थव्यवहाराचा तक्ता. राजवाड्यातल्याच छापखान्यात मोजक्या प्रती छापल्या. स्वतः राजाने हाताने खिळे जुळवले, अशीही दंतकथा आहे.

आता कागद-पेन.

कागदावर तीन उभे रकाने करा. डावीकडे शेतकरी. मध्ये जमीनमालक, म्हणजे राजा, सरदार, चर्च. उजवीकडे कारागीर आणि व्यापारी. नंतरच्या आवृत्तीत सुरुवातीचा आकडा ६०० लिव्र आहे, आपण तोच घेऊ. वर्षाच्या सुरुवातीला मालकाच्या हातात खंडाचे ६०० लिव्र आहेत. तो त्यातले ३०० शेतकऱ्याकडून धान्य, मांस, दारू घ्यायला खर्च करतो आणि ३०० कारागिराकडे कपडे, खुर्च्या, गाड्या घ्यायला.

आता दोन्ही बाजूंना ३००-३०० आले. कारागीर आपल्या ३०० पैकी निम्मे आपल्यासारख्याच कारागिरांकडे खर्च करतो, आणि निम्मे म्हणजे १५० शेतकऱ्याकडे, कारण खायला लागतंच. शेतकरीही तसंच, निम्मे आपापसात आणि १५० कारागिराकडे, अवजारं, कापड. मग १५० चे ७५ समोर जातात, ७५ चे साडेसदतीस, असं खाली खाली. कागदावर तिरक्या रेघा इकडून तिकडे, तिकडून इकडे. चित्र दिसतं वळणावळणाच्या घाटासारखं. म्हणून त्याला 'झिगझॅग' म्हणतात.

शेतकऱ्याच्या रकान्यातली बेरीज करा. ३०० अधिक १५० अधिक ७५ अधिक साडेसदतीस... ही बेरीज कुठे जाते? ६०० कडे. आणि इथे केनेचं खास गृहीतक येतं. शेतीत घातलेला पैसा स्वतः तर परत येतोच, शिवाय तेवढाच वर देतो. एका दाण्याची कणसं होतात ना, तसं. त्या वरच्याला तो 'निव्वळ उत्पन्न' म्हणतो. म्हणजे शेतकऱ्याकडे आलेले ६०० लावून, त्यांचा खर्च भागून, वर ६०० शिल्लक. ते खंड म्हणून मालकाकडे. पुढच्या वर्षी मालकाच्या हातात पुन्हा ६००. चक्र पूर्ण!

पॉज करून एकदा चित्राकडे बघा. आज आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण याआधी अर्थव्यवहारावर लिहिणारे लोक सल्ले द्यायचे, तक्रारी करायचे. पूर्ण देश एका कागदावर, वर्षाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि शेवट पुन्हा सुरुवातीला जोडलेला, असं कुणी केलं नव्हतं.

आणि चित्र नुसतं शोभेचं नाही, ते प्रश्नांची उत्तरं देतं. समजा सरदार लोकांना नटण्याची हौस वाढली. त्यांनी ६०० पैकी शेतीमालावर फक्त २५० खर्च केले आणि ३५० चैनीच्या वस्तूंवर. बाकी सगळे पूर्वीसारखेच वागले. शेतकऱ्याच्या रकान्यात किती येतील? मी हिशोब केला, सुमारे ५६७. म्हणजे पुढच्या वर्षी खंड ५६७. तीच सवय राहिली तर त्यापुढच्या वर्षी ५३५. दहा वर्षांनी साधारण ३४०. कुणी चोरी केली नाही, दुष्काळ पडला नाही, लढाई झाली नाही. फक्त खर्चाची वाट बदलली, आणि देश निम्म्याच्या जवळ आला. व्हर्सायमध्ये, राजवाड्यातच बसून, हे लिहायला धाडस लागतं.

१७६६ मध्ये केनेने याचं सोपं रूप केलं, त्यात आकडे अब्जात आहेत. ते फार वाढवत नाही, पण ज्यांना हिशोब आवडतो त्यांच्यासाठी: शेतकरी वर्षाला ५ अब्जांचा माल काढतात. २ अब्जांचा स्वतःकडे ठेवतात, खायला आणि बियाण्याला. ३ अब्जांचा विकतात, १ मालकाला आणि २ कारागिरांना, त्यातला १ खायला आणि १ कच्चा माल म्हणून. आलेल्या ३ मधून १ अब्ज कारागिरांकडून वस्तू घ्यायला जातात, उरलेले २ खंड. मालक ते २ घेऊन पुन्हा बाजारात. एक पै इकडची तिकडे नाही.

आता ती गोष्ट, जी मी मघाशी अर्धी सोडली.

उजव्या रकान्याला केनेने नाव काय दिलं? 'क्लास स्तेरील'. वांझ वर्ग. सुतार, लोहार, विणकर, शिंपी, व्यापारी, सगळे वांझ. त्याचं म्हणणं, कारागीर १०० चं कापड आणि सूत घेतो, स्वतः १०० चं खातो, आणि २०० ची वस्तू देतो. त्याने वर काहीच वाढवलं नाही, फक्त रूप बदललं. नवीन काहीतरी निर्माण करते ती फक्त जमीन.

एक तर हा शब्दच मला खुपतो. आपल्याकडे हा शब्द बायकांना कसा मारलाय ते मी सांगायला नको. आणि दुसरं, माझे बाबा. चार मीटर कापडातून पाच शाळकरी शर्ट काढणारा माणूस, त्याने काहीच वाढवलं नाही? अॅडम स्मिथ १७६६ मध्ये पॅरिसला केनेला भेटला होता. केनेबद्दल त्याला इतका आदर होता की केने जिवंत असता तर तो आपलं मोठं पुस्तक त्यालाच अर्पण करणार होता. पण या मुद्द्यावर स्मिथनेही त्याला सोडलं नाही. १७७६ च्या त्या पुस्तकात त्याने लिहिलं की एखाद्या जोडप्याला आई-बापांची जागा घेणारी दोनच मुलं झाली, तर त्या लग्नाला आपण वांझ म्हणत नाही. बरोबर आहे की!

तरी केनेच्या बाजूने एक सांगायला हवं. 'वांझ' ही त्याची शिवी नव्हती, कराचा मुद्दा होता. जर वरकड फक्त जमिनीतून निघते आणि ती शेवटी मालकाच्या हातात जाते, तर कर कुणावर लावायचा? फक्त मालकावर! शेतकऱ्यावर लावला तर तो बियाण्याला हात घालेल. शिंप्यावर लावला तर तो शिलाई वाढवेल. म्हणजे ज्या उमरावांना करातून सूट होती, त्यांनीच सगळा कर भरावा, असं हा राजाच्या मैत्रिणीचा डॉक्टर म्हणत होता. त्याचा शिष्य, मिराबो नावाचा मार्की, त्याने १७६० साली करावर पुस्तक लिहून कर गोळा करणाऱ्या ठेकेदारांवर तोंड टाकलं, तर त्याला आठवडाभर व्हँसेनच्या किल्ल्यात कोंडलं आणि मग त्याच्या गावी पाठवून दिलं. हाच मिराबो पुढे म्हणायचा की जगात तीन मोठे शोध लागले, लिपी, पैसा आणि केनेचा तक्ता. शिष्य असावा तर असा! (हसते)

इथपर्यंत मला केने आवडतो. पुढचा भाग अवघड आहे.

तक्ता चालायचा तर शेतकऱ्याला चांगला भाव मिळाला पाहिजे. त्या काळी धान्याच्या व्यापारावर पोलिसांचा कडक पहारा होता. एका प्रांतातलं धान्य दुसऱ्या प्रांतात न्यायला परवानगी, बाजाराबाहेर विकायला बंदी, भाकरी महागली की अधिकारी मध्ये पडणार. केने आणि त्याची मंडळी म्हणाली, हे सगळं काढा. व्यापार मोकळा करा, भाव सगळीकडे सारखा आणि चांगला राहील, शेतकरी पैसा लावेल, पीक वाढेल. तक्त्याच्या हिशोबाने बरोबरच आहे.

१७६३-६४ मध्ये सरकारने करून पाहिलं. पुढे पिकं बिघडली, भाव चढले, आणि १७७० मध्ये निर्बंध परत आणले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये राहिलेल्या गालियानी नावाच्या नेपल्सच्या मुत्सद्द्याने एक मजेदार पुस्तक लिहून या मंडळींची पार फिरकी घेतली. त्याचा मुद्दा साधा होता. तुमचा समतोल येईल हो, पण यायला वेळ लागतो. भाव वाढल्याची बातमी बंदरात पोचणार, मग व्यापारी जहाज भरणार, मग ते येणार. तोवर माणसाने जेवायचं काय?

१७७४ मध्ये त्युर्गो अर्थमंत्री झाला. या गटाच्या जवळचा, हुशार, प्रामाणिक, लिमोझ प्रांतात तेरा वर्षं कारभार केलेला. सप्टेंबर १७७४ मध्ये त्याने धान्याचा व्यापार पुन्हा मोकळा केला. आणि त्या वर्षी पीक कमी आलेलं. वसंतात पॅरिसची चार पौंडी भाकरी ११ सू वरून साडेतेरा सूपर्यंत गेली. ऐकायला फार नाही वाटत? पण साध्या दिवसांतही मजुराची निम्मी कमाई भाकरीवर जायची.

२७ एप्रिल १७७५ ला पॅरिसच्या उत्तरेला बोमाँ नावाच्या बाजारगावात लोक उठले. तिथून दंगे पसरले. २ मे ला व्हर्साय, ३ मे ला पॅरिस. दोन-तीन आठवड्यांत तीनशेच्या आसपास ठिकाणी. याला 'पिठाची लढाई' म्हणतात. यातली मला सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट अशी की अनेक ठिकाणी लोकांनी धान्य नुसतं लुटलं नाही. त्यांनी पोती उघडली, आपल्याला रास्त वाटेल तो भाव ठरवला, आणि तेवढे पैसे मोजून धान्य नेलं. त्यांच्याही डोक्यात एक तक्ता होता म्हणा ना. फक्त त्यात पहिला रकाना भाकरीचा होता.

त्युर्गोने पंचवीस हजार सैनिक उतरवले. ११ मे १७७५ ला पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात दोन माणसांना फाशी दिली. एक केसांचे टोप बनवणारा, दुसरा तलम जाळीचं कापड विणणारा.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा वेळ थांबले होते. टोप बनवणारा आणि विणकर. दोघंही उजव्या रकान्यातले. तक्त्यात धान्याचा भाव वाढला तर या रकान्यातली रेघ जरा आखूड होते, एवढंच. कागदावर १५० च्या जागी १४० लिहिलं की झालं. तो दहाचा फरक म्हणजे घरात दोन दिवस चूल न पेटणं, हे कागदावर दिसत नाही. आणि गालियानी म्हणाला तो वेळ, तोही तक्त्यात कुठेच नाही. तिथं वर्ष सुरू होतं, वर्ष संपतं. मध्ये एप्रिल नाही.

म्हणून केने चूक होता का? मला तसं सरळ म्हणता येत नाही. शेतकऱ्याला भाव मिळाला नाही तर शिंप्याचीही दिवाळी जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्युर्गोच्या आधी निर्बंध होते तेव्हाही लोक उपाशी मरतच होते. पण आपण ज्यांना चित्रात बारीक रेघ दिली, त्यांना प्रत्यक्षात किती लागेल, हे चित्र काढणाऱ्याने विचारायला हवं होतं. त्याच्या खोलीत दालाँबेर जेवायला यायचा. टोप बनवणारा आला असेल तर फक्त टोप द्यायला.

केने स्वतः डिसेंबर १७७४ मध्येच वारला, त्याने दंगे पाहिले नाहीत. त्युर्गोला मे १७७६ मध्ये राजाने काढून टाकलं. ड्युपाँ नावाचा एक तरुण शिष्य अमेरिकेला गेला, त्याच्या मुलाने १८०२ मध्ये तिथे बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला, आणि ती पुढे ड्युपाँ केमिकल कंपनी झाली. शेतीच सगळं काही म्हणणाऱ्यांची पुढची पिढी दारूगोळ्यात, काय म्हणावं!

कागद मात्र टिकला. कार्ल मार्क्सने १८६३ मध्ये एंगेल्सला पत्र लिहिलं त्यात केनेचा तक्ता काढून दाखवला आणि शेजारी स्वतःचा. वासिली लिओन्टिएफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये अमेरिकेचा असा तक्ता करायला घेतला, तेव्हा आपल्या कामाचं वर्णन करताना त्याने केनेचंच नाव वापरलं. पोलादाला किती कोळसा, कोळशाला किती पोलाद, अशा चौकटी. त्याला १९७३ मध्ये नोबेल मिळालं. आज भारत सरकारची सांख्यिकी खातीही कोणत्या क्षेत्राचा किती माल कुठे गेला, याचे असे तक्ते बनवतात. त्यात कुठलाच रकाना वांझ नाही.

गेल्या दिवाळीत घरी गेले होते तेव्हा बाबांना मी हा झिगझॅग काढून दाखवला. मापाच्या वहीच्या मागच्या पानावर. ६०० लिव्र म्हणजे काय, तीन रकाने, रेघा, सगळं समजावलं. बाबा इस्त्री फिरवत ऐकत होते. मग चष्मा लावला, पान जवळ घेतलं, बराच वेळ बघितलं.

म्हणाले, "सगळं बरोबर आहे गं. पण यात उधारी कुठंय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"अगं, हे तुझे तीनशे शेतकऱ्याकडून सुटले, दीडशे आपल्याकडे आले. पण आले कधी? हे बघ," म्हणून त्यांनी वही उलटली. एका पानावर सात-आठ नावं, पुढे रकमा, काही दोन वर्षांपूर्वीच्या. "कपडे तर घालून फाटले यांचे."

मी वही घेतली आणि झिगझॅगमध्ये शेतकऱ्याकडून आमच्याकडे येणाऱ्या रेघेवर तुटक-तुटक ठिपके काढले. बाबा म्हणाले, "हां, आता झालं," आणि परत इस्त्रीकडे वळले.

बरं, तुमच्या घरातल्या, दुकानातल्या, शेतातल्या पैशाचा असा झिगझॅग काढून बघा आणि फोटो पाठवा. पुढचा भाग जॉन लॉवर, नक्की. तोवर काळजी घ्या, भेटू.